छत्तीस फुटांचा उतार

परळ, 22 सप्टेंबर 2024

प्रिय दिन्या,

दोन वर्षांत एक ओळ नाही आणि आज एकदम जाड पाकीट, म्हणून घाबरू नकोस. कुणी गेलेलं नाही. माझी शुगर आहे तिथेच आहे, सुमनचा गुडघा कुरकुरतो. फोन केला असता, पण फोनवर तू मला वाक्य पुरं करू देत नाहीस आणि या वेळी ते मला पुरं करायचंय.

यंदा मंडळाने गणपतीत खेळाडूंचा सत्कार ठेवला. खूळ जुलैतलं. टी-ट्वेंटी वर्ल्ड कप जिंकून आलेले मरीन ड्राइव्हवर उघड्या बसमधून फिरले, तेव्हा आपली पोरं गेली होती आणि त्यांच्यामागे मीही, या वयात. एक चप्पल तिथेच राहिली. मग 1 ऑगस्टला स्वप्नील कुसाळेने पॅरिसला नेमबाजीत ब्राँझ घेतलं आणि पोरं म्हणाली, आता बॅनर याचाच. कुस्तीतल्या खाशाबा जाधवांनंतर 72 वर्षांनी महाराष्ट्राला ऑलिंपिकचं वैयक्तिक पदक! मला आप्पा आठवले. 1952 ला हेलसिंकीहून परतलेल्या खाशाबांची बैलगाड्यांची मिरवणूक सांगायचे ना, दर गणपतीला गाड्या वाढायच्या. मी शेवटची ऐकली तेव्हा रांग कराडहून साताऱ्याला टेकली होती.

बॅनर छपाईला गेला आणि 4 सप्टेंबरला तुमच्या शेजारच्या सांगलीतल्या सचिन खिलारीने पॅरालिम्पिकमध्ये 16.32 मीटर गोळा टाकून रौप्य मिळवलं. मी म्हटलं, याचं नाव घाला, याचं पदक तर रौप्य आहे. पोरगा म्हणतो, "काका, आता जागा नाही." माजी नगरसेवक आणि त्यांचे भाचे-पुतणे मिळून अकरा चेहरे मावले होते त्यात, दिन्या. शेवटी पदरचे चारशे घालून मी खाली एक पट्टी चिकटवली. चिकटवताना कानात तू: "पेटकर. 1972. हायडेलबर्ग."

2008 ला बिंद्राने सुवर्ण घेतलं तेव्हा देशाचं पहिलं वैयक्तिक सुवर्ण म्हणून नाचत तुला फोन केला होता. तू एवढंच बोललास आणि फोन ठेवलास. मी सुमनला म्हटलं, दिन्या थापा मारतो. 1965 च्या युद्धात गोळ्या लागलेला मराठी माणूस पॅरालिम्पिकमध्ये पन्नास मीटर पोहून सुवर्ण आणतो आणि आपल्याला पत्ता नाही, हे कसं शक्य आहे? तर शक्य होतं. मिसळ देणं लागतो, विसरलेलो नाही.

तर सत्कार. पॅरिसवाले आपल्या गल्लीत कुठून येणार? म्हणून मागच्या बिल्डिंगमधली मुलगी बोलावली. व्हीलचेअरवर टेबल टेनिस खेळते, राज्य पातळीवर. ढोल-ताशे, पाकळ्या, सगळं झालं. स्टेज तीन फूट, सहा पायऱ्या. ती पायऱ्यांपाशी येऊन थांबली. कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं. माइक माझ्या हातात. मी ओरडलो, "अरे बघत काय बसलात, उचला!" चौघांनी खुर्चीसकट उचललं. टाळ्या, शिट्ट्या. वर तिने शाल घेतली, नारळ घेतला, फोटोला हसली. खाली आणल्यावर मला म्हणाली, "काका, एकदा विचारायचं ना. मी खालीच घेतलं असतं." आवाज जरासुद्धा चढवला नाही. नारळ मांडीवर ठेवून, खुर्ची वळवून गेली.

रात्रभर झोप नाही. कॅरमचं ते साल 1979 की 80? तू फायनल मारलीस आणि मी, बंड्या आणि मोहनने तुला खांद्यावर घेऊन चाळीला फेरी मारली. तू "उतरवा" म्हणत होतास. आम्हाला वाटलं लाजतोयस. तुझ्या पायाला आधार देणाऱ्या कॅलिपरचा बूट निखळून पडला, बंड्याने तो काठीला लावून पुढे नाचवला, अख्खी चाळ हसली. मीही हसलो. पंधरा दिवस तू माझ्याशी बोलला नाहीस आणि मी सगळ्यांना सांगत सुटलो की जिंकल्यापासून दिन्याला माज आलाय. आजवर तेच धरून बसलोय बघ. विचारायला काय लागत होतं, एक मजला तर उतरायचा होता.

(राणी कव्हर झाली नव्हती, हे माझं मत अजून कायम आहे. ते भांडण वेगळं.)

आता कामाचं. पुढच्या वर्षी रॅम्प हवा असा विषय मी मीटिंगमध्ये काढला. मंडपवाला म्हणाला, टाकू की एक फळी. मी त्या मुलीकडे गेलो, या वेळी विचारायला. ती म्हणाली, फळीवरून मी गणपतीच्या पायाशी नाही, थेट ताशेवाल्यांत जाईन. एकास बारा पाहिजे म्हणे, एक फूट उंचीला बारा फूट उतार. म्हणजे तीन फुटांच्या स्टेजला छत्तीस फूट, आणि आपला मंडप सगळा मिळून चाळीस! खजिनदार म्हणतो, "एका मुलीसाठी?" मी म्हटलं, त्या सहा पायऱ्या चढताना तू स्वतः माझा खांदा धरतोस. तेव्हापासून तो बोलत नाही, पण चहा मागवताना माझा मागवतो. स्टेज एक फुटावर आणलं तर बारा फुटांत भागेल, पण मग मागच्यांना दिसत नाही म्हणून बोंब. मध्ये वळण देता येतं का? आयुष्यभर तू नकाशे काढलेस, तुला कळेल.

वहिनींचं मोतीबिंदूचं झालं का? नातू शाळेत जायला लागला म्हणे, छान. ऊस बरा आहे ना?

मंडपाची मापं मागच्या पानावर आहेत. डावीकडचा खांब हलत नाही, तो मोहनच्या दुकानाला टेकलाय आणि मोहन कसा आहे तुला माहीत आहे. पाच तारखेला मीटिंग आहे, त्याआधी काढून पाठव. आणि त्या बुटाबद्दल लिहावंसं वाटलं तर लिही. नुसता नकाशा आला तरी चालेल.

तुझा,
वसंता