चाविंगा भगिनींची वाट आणि पुण्यातील मुली

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

अमेरिकेतील महिलांच्या व्यावसायिक फुटबॉल लीगमध्ये २०२४ आणि २०२५ अशी सलग दोन वर्षे सर्वोत्तम खेळाडूचा मान आफ्रिकेतील मलावी या देशाच्या टेम्वा चाविंगा हिला मिळाला. लागोपाठ दोनदा हा मान मिळवणारी ती त्या लीगमधील पहिलीच खेळाडू. २०२४ च्या हंगामात कॅन्सस सिटी करंट या क्लबकडून तिने २० गोल केले आणि एका हंगामातील १८ गोलांचा ऑस्ट्रेलियाच्या सॅम कर या खेळाडूचा विक्रम मागे टाकला. पुण्यातील क्रीडाप्रेमींमध्ये हे नाव फारसे कोणाच्या तोंडी नाही, याचे मला मनापासून वाईट वाटते.

तिच्या यशाइतकेच, किंबहुना त्याहून अधिक, महत्त्व मला तिच्या वाटेचे वाटते. ती घडत होती तेव्हा मलावीत महिलांसाठी व्यावसायिक लीग नव्हती. ती वाट आधी तिची थोरली बहीण तबिथा हिने पाडली. लहानपणी ही मुलगी नसून मुलगाच आहे, अशा संशयावरून प्रतिस्पर्ध्यांनी तबिथाला भर मैदानात विवस्त्र केले होते. हे तिने स्वतः जाहीरपणे सांगितले आहे. अशा अपमानानंतर खेळ सोडून दिला असता, तरी तिला कोणी दोष दिला नसता. ती मात्र २०१४ मध्ये, वयाच्या अठराव्या वर्षाच्या आसपास, स्वीडनमधील एका खालच्या श्रेणीतील क्लबकडे गेली. पुढे ती बोरलेंगे या गावातील क्वार्न्सवेदेन क्लबमध्ये आली, तिच्या गोलांच्या बळावर तो क्लब वरच्या श्रेणीत पोहोचला आणि २०१७ मध्ये स्वीडनच्या अव्वल लीगमध्ये सर्वाधिक गोल तिच्याच नावावर लागले. त्याच वर्षी टेम्वाही त्याच क्लबमध्ये दाखल झाली. नंतर दोघी चीनमध्ये खेळल्या. तबिथाने २०२२-२३ च्या हंगामात इंटर मिलानकडून २३ गोल करून इटलीतील अव्वल लीगमध्ये गोल करणाऱ्यांत पहिला क्रमांक पटकावला, त्यानंतर ती फ्रान्समधील पॅरिस सेंट जर्मेन आणि मग लियों या क्लबांकडे गेली. टेम्वा चीनमधील वुहानच्या संघातून २०२४ मध्ये कॅन्सस सिटीला पोहोचली.

म्हणजे टेम्वाला गावातून उचलून थेट अमेरिकेत कोणी नेले नाही. स्वीडन आणि चीन मिळून सात वर्षे ती खेळत होती, तीही अशा क्लबांत ज्यांची नावे आपण ऐकलेली नाहीत. पण तिथे दर आठवड्याला सामना होता, नोंद होती आणि पाहणारे होते.

आपल्याकडच्या बाला देवी २०२० मध्ये स्कॉटलंडच्या रेंजर्स क्लबकडे गेल्या, तेव्हा त्या तिशीच्या उंबरठ्यावर होत्या. मनीषा कल्याण २०२२ मध्ये सायप्रसच्या अपोलोन संघाकडून युरोपीय चॅम्पियन्स लीगमध्ये खेळली आणि तो मान मिळवणारी पहिली भारतीय ठरली. दोघींचा मला अभिमान आहे. तरीही शिकण्याच्या वयात, अठराव्या-एकोणिसाव्या वर्षी, युरोपातील दुसऱ्या-तिसऱ्या श्रेणीच्या क्लबात जाण्याचा विचार आपल्या मुली आणि पालक करत नाहीत, आणि तशी वाट दाखवणारेही जवळ कोणी नसते. पुण्यात अनेक घरांत मुलीचा खेळ दहावी-बारावीच्या सवलतीच्या गुणांपुरता असतो. गुण पदरात पडले की बूट माळ्यावर जातात. या खेळात पोट भरते का, हा पालकांचा प्रश्न रास्तच आहे. त्यांनी हेही जाणून घ्यावे की फेब्रुवारी २०२४ मध्ये झांबियाच्या रेचल कुंदनंजीसाठी कॅलिफोर्नियातील बे एफसी या क्लबने महिला फुटबॉलमधील तोवरचे सर्वाधिक हस्तांतरण शुल्क, म्हणजे खेळाडू घेण्यासाठी तिच्या आधीच्या क्लबला द्यावी लागणारी रक्कम, मोजले.

मैदानांची उणीव हे कारण मला पूर्णपणे पटत नाही. २०२२ मध्ये महिलांच्या आशियाई चषकाचा चीन-जपान उपांत्य सामना आपल्याच बालेवाडीत झाला. उणीव आहे ती वर्षभर चालणाऱ्या सामन्यांची, विशेषतः सतरा वर्षांवरील मुलींसाठी. दोन-चार दिवसांच्या स्पर्धेतून परदेशी प्रशिक्षकाला खेळाडू कळत नाही. त्याला पूर्ण हंगामाची नोंद आणि सामन्यांचे चित्रीकरण लागते. जिल्ह्यातील फुटबॉल संघटकांनी आणि महाविद्यालयांनी एकत्र येऊन अशी लीग निदान सहा महिने चालवावी, प्रत्येक सामन्याचे चित्रीकरण करून ते खेळाडूंना विनामूल्य द्यावे, अशी माझी विनंती आहे.

आपल्या दैनिकाकडेही एक मागणे आहे. मुलींच्या स्थानिक सामन्यांचा निकाल छापताना केवळ संघांची नावे न देता गोल करणाऱ्या मुलींची नावे आणि गोलांची मिनिटे द्यावीत. त्याला चार ओळींहून अधिक जागा लागणार नाही, आणि एखाद्या मुलीला पुढे क्लबकडे अर्ज करताना ती कात्रणे सोबत जोडता येतील.

आपली नम्र,
एक वाचक, कोथरूड, पुणे