तुझी जन्मवेळ

चि. निनाद,
अनेक आशीर्वाद.

परवा रात्री पावणेदोन वाजता तुझा मेसेज आला, ‘आई, माझी जन्मवेळ नक्की किती?’ मी तो पहाटे पाहिला आणि पुढचामागचा विचार न करता फोन लावला. ‘तुला कशाला हवी?’ हे मी ज्या सुरात विचारलं तो सूर फोन ठेवल्यावर मलाच ऐकू आला. तू ‘राहू दे’ म्हणालास. तुझे बाबा म्हणतात, वेळच तर विचारली पोरानं, एवढं चिडायला काय झालं? त्यांना काय सांगू! म्हणून हे पत्र. फोनवर मी भांडते, कागदावर त्यातल्या त्यात बरी असते.

रात्री पावणेदोनला तू जागा का होतास, हे मी विचारणार नाही.

तुला साडेसाती लागली आहे असं कुणीसं ऑफिसात सांगितलं, हे ताईकडून कळलं. साडेसातीचं गणित सोपं आहे. शनीला राशिचक्राची एक फेरी पुरी करायला साधारण साडेएकोणतीस वर्षं लागतात, म्हणजे एका राशीत अडीच वर्षं. तुझ्या जन्मराशीच्या मागची रास, जन्मरास आणि पुढची रास, तीन वेळा अडीच म्हणजे साडेसात. आता बारांतल्या तीन राशी म्हणजे पाव. या घडीला जगातल्या साधारण चौथाई माणसांना साडेसाती चालू आहे, निनाद. तुझ्या ऑफिसात चाळीस माणसं असतील तर दहाएक जणांना. त्यांतल्या एखाद्याला या महिन्यात बढतीही मिळाली असेल. सांगणाऱ्यालाच विचार, त्याची कधी संपली.

पण तू अशा गोष्टी कधी विचारत नव्हतास. कसला निर्णय घ्यायचा आहे का? नोकरी सोडतोयस? बरं, हेही राहू दे.

तुला खरोखर समजून घ्यायचं असेल तर मुळापासून घे. जिथून हे सगळं निघालं तिथे कुणाची जन्मवेळ विचारायची पद्धतच नव्हती. मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकात, आकाश वाचलं जायचं ते राजासाठी आणि राज्यासाठी. ‘एनूमा अनू एन्लिल’ नावाची शकुनांची मालिका आहे, सुमारे ७० मातीच्या पाट्यांची. चंद्राला अशा प्रकारे ग्रहण लागलं तर अमक्या देशाचा राजा मरेल, अमुक दिसलं तर पूर येईल, पीक बुडेल, अशी एकामागून एक वाक्यं. त्यातली एक पाटी मला फार आवडते. अम्मिसदुका राजाच्या काळातल्या शुक्राच्या २१ वर्षांच्या नोंदी आहेत तिच्यात. कधी मावळला, किती दिवस दिसला नाही, पुन्हा कुठल्या दिशेला उगवला. ओल्या मातीवर बोरूनं टोचून. शकुन सोडून दे, पण एकवीस वर्षं कुणीतरी रोज वर बघत होतं, आणि ते थकल्यावर दुसरं कुणीतरी.

दुसरी गोष्ट मात्र मला आवडत नाही, तरी सांगते. इ.स.पू. सातव्या शतकात, असुरियात, म्हणजे मेसोपोटेमियाच्याच उत्तर भागात, राजावर येणारं ग्रहण लागलं की एका भलत्याच माणसाला सिंहासनावर बसवायचे. बदली राजा. खरा राजा तेवढे दिवस बाजूला राहायचा, आणि त्याचे पंडित त्याला पत्र लिहिताना ‘शेतकरीमहाराज’ म्हणून लिहायचे. ती पत्रं सापडली आहेत. मुदत संपली की त्या बदली माणसाला मारून टाकायचे. भाकीत खरं झालं, राजा मेला, आणि राजा जिवंत! मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा हसले होते. नंतर त्या माणसाचा विचार मनातून जाईना. त्याच्या अंगावर ती वस्त्रं कशी बसली असतील? त्याला कुणी सांगितलं असेल का? शेवटच्या काही रात्री तो झोपला असेल का?

तू झोपतोस ना नीट?

इ.स.पू. पाचव्या शतकात बाबिलोनच्या लोकांनी सूर्याच्या वाटेचे बारा सारखे भाग पाडले, प्रत्येकी ३० अंशांचे. आकाशातली नक्षत्रचित्रं काही सारखी नाहीत, कन्या ऐसपैस पसरली आहे, कर्क एवढीशी. पण हिशेबाला बारा बरे पडतात. त्याच सुमाराला राजा नसलेल्या माणसाच्या पोराचीही नोंद व्हायला लागली. सापडलेल्यांतल्या सर्वांत जुन्या जन्मनोंदी इ.स.पू. ४१० च्या. त्या काळच्या बहुतेक नोंदींत चंद्र कुठे, गुरू कुठे एवढंच असतं, पुढे काय होईल ते क्वचितच. बाळ जन्मलं आणि तेव्हा आकाश असं होतं. एवढ्यावर थांबले असते तर मी आज हे पत्र लिहीत बसले नसते.

थांबले नाहीत. ग्रीकांच्या अमलाखालच्या इजिप्तमध्ये त्याला लग्न जोडलं गेलं. लग्न म्हणजे जन्माच्या क्षणी पूर्व क्षितिजावर उगवत असलेली रास. तिला ते ‘होरोस्कोपोस’ म्हणत, वेळ पाहणारा. तिथून बारा घरं, त्यांचे स्वामी, दृष्टी, सगळा संसार उभा राहिला आणि आपल्याकडे आला. आपलं जुनं होतं ते वेगळं. लगधाच्या वेदांग ज्योतिषात सूर्य, चंद्र, तिथी आणि २७ नक्षत्रं आहेत, कारण यज्ञाची वेळ काढायची होती. त्यात मेष-वृषभ नाहीत, कुणाची पत्रिका नाही. होरा, केंद्र, पणफर, जामित्र हे शब्द ग्रीकांचे. वराहमिहिर हा आपला सहाव्या शतकातला ज्योतिषी, त्याने राशींची ग्रीक वळणाची नावंसुद्धा दिली आहेत: क्रिय, तावुरि, लेय, जूक. त्याने आडपडदाही ठेवला नाही. यवन, म्हणजे ग्रीक, म्लेच्छ खरे, पण हे शास्त्र त्यांच्यात नीट रुजलं आहे, म्हणून तेही ऋषींसारखे पूजले जातात, असं त्याच्या बृहत्संहितेत आहे. तुझ्या आजोबांना हा श्लोक पाठ होता आणि नेमका भलत्या पाहुण्यांसमोर म्हणायचे.

झालं, मी वर्गात उभी राहिले. माफ कर. अडतीस वर्षं गणित शिकवलं की असं होतं.

तुला वारांचा खेळ आठवतो? तू पहिलीत होतास. गॅलरीत बसून बोटांवर मोजला होता आपण. सर्वांत संथ चालणाऱ्यापासून सुरुवात करायची: शनी, गुरू, मंगळ, रवी, शुक्र, बुध, चंद्र. एकेका तासाला एकेक मालक. चोवीस तासांत सातांच्या तीन फेऱ्या होऊन तीन उरतात, म्हणून दुसऱ्या दिवसाचा पहिला तास चौथ्याचा. शनीपासून चौथा रवी, शनिवारनंतर रविवार. रवीपासून चौथा चंद्र, सोमवार. तू मंगळवारापर्यंत स्वतः पोचलास आणि ओरडलास. मग गप्प झालास आणि म्हणालास, ‘पण आई, पहिल्यांदा कुणी ठरवलं की आज शनिवार आहे?’ सहा वर्षांचा होतास. माझ्या अख्ख्या नोकरीत तो प्रश्न मला दुसऱ्या कुणी विचारला नाही. मी स्टाफरूममध्ये सगळ्यांना सांगितलं होतं, तुला कधी बोलले नाही.

तुझ्या फोनमधली रास आणि पत्रिकेतली रास जुळत नाही म्हणून गोंधळू नकोस. फोनवाले सूर्याची रास धरतात आणि मोजायला सुरुवात वसंतसंपातापासून करतात, म्हणजे मार्चमध्ये दिवस-रात्र सारखे होतात तेव्हा सूर्य असतो त्या बिंदूपासून. आपली जन्मरास म्हणजे चंद्राची, आणि मोजणी ताऱ्यांपासून. पृथ्वीचा आस भोवऱ्यासारखा डुलतो, त्यामुळे साधारण ७२ वर्षांत एक अंश असा संपात मागे सरकतो. आता दोन्हींत जवळजवळ २४ अंशांचं अंतर पडलं आहे.

जन्मवेळेवर येते, येते. आधी मामाबद्दल सांगू दे.

तुझा मामा आठ वर्षांचा असताना एका ज्योतिष्याने आमच्या आईला सांगितलं, याला पाण्यापासून जपा. बस, एवढंच. त्या दिवसापासून मामा पोहायला गेला नाही. आम्ही सगळी पोरं पाण्यात आणि तो काठावर आमचे कपडे सांभाळत बसलेला. आता सदुसष्ट वर्षांचा आहे, आणि समुद्रावर गेलो की अजून चपला हातात घेऊन कोरड्या वाळूतून चालतो. पाण्यानं त्याला काही केलं नाही. पाण्याला तशी संधीच मिळाली नाही, असं आई शेवटपर्यंत अभिमानानं सांगायची.

आकडेच हवे असतील तर तेही आहेत. जयंत नारळीकरांनी आपल्या ज्योतिष्यांची एक चाचणी घेतली होती. अभ्यासात हुशार आणि गतिमंद अशा मुलांच्या मिळून २०० पत्रिका. प्रत्येकाला त्यांतल्या ४० दिल्या, कोणती कुणाची ते ओळखायचं. २७ जणांनी उत्तरं पाठवली. सरासरी ४६ टक्के बरोबर. नाणं उडवलं असतं तरी पन्नासच्या आसपास आले असते.

पण आकड्यांनी रात्री झोप लागत नाही, हे मला माहीत आहे. मी स्वतः गेले होते.

तू चार वर्षांचा होतास. तो ताप. अकराव्या दिवशी मी शाळेतून परस्पर एका ज्योतिष्याकडे गेले, कुणालाही न सांगता. गणिताची बाई, डोक्यावर पदर घेऊन. त्यांनी वेळ विचारली. तू झालास तेव्हा त्या खोलीत घड्याळाकडे न बघणारी मी एकटीच. नर्सच्या कागदावर पहाटे ४.१० होतं. आजी बाहेर बाकावर होत्या, त्यांच्या मनगटावर ४.३५. मी कागदावरची वेळ सांगितली. त्यांनी आकृती मांडली, बराच वेळ पेन्सिल फिरवली आणि म्हणाले, बारावं वर्ष जपा.

चार मिनिटांत लग्न सुमारे एक अंश पुढे जातं. नवमांश, म्हणजे राशीचा नववा भाग, साधारण तेरा मिनिटांत बदलतो. पंचवीस मिनिटं म्हणजे सहा अंश, आणि तुझं लग्न पहिल्या वेळेला राशीच्या अगदी कडेला होतं. हे गणित मी त्या रात्री तुझ्या उशाशी बसून केलं. दुसऱ्या दिवशी तुझा ताप उतरायला लागला होता. तरी मी दुसऱ्या ज्योतिष्याकडे गेले आणि ४.३५ सांगितली. लग्नरास बदलली. ते म्हणाले, दीर्घायुषी, बुद्धिमान, चिंता नको. तीच पत्रिका मी रीतसर करून घेतली. कपाटात आहे ती, लाल कापडातली, ती माझी निवड आहे.

आणि तरीही बारावं वर्ष आलं तेव्हा मला पहिली आठवली. सातवीची सहल. परीक्षा आहे म्हणून मी तुला पाठवलं नाही. परीक्षेला पाच आठवडे होते. तू माझ्याशी आठ दिवस बोलला नाहीस, बसच्या वेळेला गच्चीत जाऊन उभा राहिलास. कारण तेव्हा सांगायला हवं होतं. ‘तुला कशाला हवी’ म्हणून मी चिडले ती तुझ्यावर नाही.

तर, नर्सच्या कागदाप्रमाणे पहाटे ४.१०. आजींच्या घड्याळाप्रमाणे ४.३५, पण ते घड्याळ त्या मुद्दाम पुढे ठेवायच्या, शिवाय नर्स बाहेर येऊन त्यांना सांगेपर्यंत किती वेळ गेला कोण जाणे. मला विचारशील तर उजाडलं नव्हतं, आणि तू रडायला थोडा उशीर केलास. तो उशीर किती मिनिटांचा होता ते मला सांगता येणार नाही. मला तो फार मोठा वाटला.

ज्याला वेळ द्यायची आहे त्याला दे. पण ज्याबद्दल विचारायचं आहे ते आधी मला सांगितलंस तर बरं वाटेल. मी सल्ला देणार नाही. देईन, पण थांब म्हणालास की थांबेन.

तुझी
आई

ता. क. सहलीचं खरं कारण बाबांना माहीत नाही, तू बोलू नकोस, मीच सांगेन. आणि रात्री कितीही वाजता फोन केलास तरी चालेल, हल्ली मीही जागीच असते.