आप्पांनी रिब्ज खाल्ल्या

ओव्हरलँड पार्क, कॅन्सस
रविवार, रात्री उशिरा

प्रिय दिल्या,

पत्र लिहितोय म्हणून हसू नकोस. व्हॉट्सअॅपवर लिहिलं असतं तर तू अंगठा पाठवून मोकळा झाला असतास. फोनवर बोलावं तर आप्पा शेजारच्याच खोलीत, आणि इथल्या भिंती पातळ. चिन्मयीच्या लग्नाला आलो नाही म्हणून तू बोलत नाहीस, आणि तू बोलत नाहीस म्हणून मी बोलत नाही, असं किती दिवस चालणार? शिव्या नंतर घाल. आधी ऐक.

तब्येती बऱ्या. माझी साखर आहे तिथंच आहे.

तर आप्पांनी डुकराच्या बरगड्या खाल्ल्या. आपल्या आप्पांनी. माहीत असून, मागून घेऊन.

आई गेल्यावर त्यांना इथं आणलं तेव्हापासून दहीभात, नाहीतर दुधात कुस्करलेली भाकरी. मटण केलं की "दातांनी होत न्हाई" म्हणून ताट सरकवायचे. रविवारी सकाळी पिशवी घेऊन "चाप दे, मांडी नको, काल पण मांडीच गळ्यात मारलीस" असं खाटकाशी भांडणारा माणूस तो. वृषालीनं सगळे प्रकार करून पाहिले, मग तिनंही नाद सोडला.

या आठवड्यात रोहनचे मित्र जेवायला येणार होते, आणि त्याला रिब्ज करायच्या होत्या. बार्बेक्यूसाठी गाजलेल्या कॅन्सस सिटीच्या शेजारी राहून रिब्ज येत नाहीत ही त्याच्या दृष्टीनं नामुष्की. आमच्या सोसायटीत लाकडी गॅलरीत कोळसा पेटवायला बंदी, त्यात बाहेर बर्फ. म्हणून ओव्हन. इथले जुने लोक ओव्हनमधल्या रिब्जना बार्बेक्यू म्हणायला तयार नसतात, तू बिनखोबऱ्याच्या रश्श्याला तांबडा म्हणत नाहीस तसं. (खोबरं नको हे माझं मत अजून कायम आहे.)

रोहननं 'सेंट लुईस कट' आणला होता. म्हणजे पोटाकडच्या बरगड्या, खालची कूर्चा छाटून चौकोनी केलेल्या. अख्खी फळीच्या फळी ओट्यावर. वृषालीनं कपाळाला हात लावला आणि वर निघून गेली. आप्पा खुर्चीतून बघत होते. मी मनात म्हटलं, आता उठून जाणार. तर म्हणाले,

"डुकराचं का?"

"हो आप्पा."

"पाळलेलं?"

"हो."

"मग चरबी जास्त असणार."

आणि उठले, दिल्या. रोहन हाडांच्या बाजूचा पातळ पापुद्रा काढायला चमच्याचं टोक घालून झटत होता. तो ठेवला तर मसाला आत जात नाही आणि खाताना दातात चिवट लागतो. आप्पांनी त्याला बाजूला केलं, कागदी रुमालात कोपरा धरला आणि एका दमात सगळा सोलून काढला. "व्हिडिओत बघून खाटीक होता येतंय व्हय?" असं पोराला म्हणाले. कित्येक महिन्यांत त्यांनी आपणहून केलेलं हे पहिलं काम.

पुढचा तासभर मजा. ब्राऊन शुगर बघून म्हणाले, "मटणाला साखर? लाडू करतोयस का?" तिखटासारखी लाल पावडर चाखून म्हणाले, "ह्यात तिखट कुठाय?" ती पाप्रिका होती, रंगापुरती. शेवटी तह झाला. अर्ध्या फळीला रोहनचा मसाला, म्हणजे साखर, पाप्रिका, मिरी, मीठ, लसणाची पूड, कोरडी मोहरी. अर्ध्या फळीला तुझ्या आईनं पाठवलेली कांदा-लसूण चटणी. काकूंना सांग, त्यांची चटणी डुकराला लागली. नको, सांगू नको.

रोहन त्यांना समजावत होता, २७५ फॅरनहाइटला तीन तास, फॉइलमध्ये घट्ट गुंडाळून. आपल्या हिशेबानं १३५ सेल्सिअस. आप्पा म्हणाले, "म्हंजे हंडीला कणीक लावायची तसंच की, वाफ बाहेर जाऊ द्यायची न्हाई." मग रोहननं सांगितलं की आतून १४५ फॅरनहाइटला पोचलं की डुकराचं मांस खायला सुरक्षित होतं, पण बरगड्या तेव्हा चिवटच असतात. १९५ ते २०३ पर्यंत नेल्या की हाडालगतचे चिवट धागे विरघळून जिलेटीन होतं, तेव्हा कुठं मऊ पडतात. आप्पांनी "जिलेटीन" म्हणून बघितलं, पण ऐकून घेतलं. नातवाचं ऐकतात. माझं आयुष्यात कधी ऐकलं?

धुराचा प्रश्न होता. ओव्हनमध्ये लाकूड नाही, त्यामुळं धुरात भाजलेल्या मांसाच्या कडेला येते ती गुलाबी रेघही नाही. रोहननं बाटलीतला धूर आणला होता. खरंच असतो. राइट नावाच्या औषधवाल्यानं १८९५ च्या सुमारास कॅन्सस सिटीतच विकायला काढला. आप्पांनी हुंगला आणि गप्प झाले. बराच वेळ बाटली हातातच.

तीन तास वाट बघायची होती म्हणून रोहननं हेन्री पेरीची गोष्ट सांगितली. टेनेसीतून आलेला हा कृष्णवर्णीय माणूस १९०८ मध्ये कॅन्सस सिटीच्या एका गल्लीत मांस भाजून वर्तमानपत्रात गुंडाळून विकायचा, गिऱ्हाइकं फॅक्टरीतली. त्याचा सॉस जहाल तिखट होता. पुढं धंदा चार्ली ब्रायंटकडं गेला, मग १९४६ ला त्याचा भाऊ आर्थर आला आणि त्यानं तिखट कमी केलं. आता तर इथला सॉस म्हणजे टोमॅटो आणि काकवी. आप्पांनी निकाल दिला, "भावानं बिघडवलं." माझ्याकडं बघून. वसंताचा विषय नव्हता, तरी मला कळलं.

मग वास सुटला. आणि आप्पा बोलायला लागले. ७२ चा वन्यजीव कायदा यायच्या आधी, भुदरगडच्या बाजूला मामांच्या गावात, रानडुकराची शिकार. कोण कोण असायचे, बंदूक कुणाची, वाटे कसे घालायचे, नेम ज्याचा त्याला मुंडकं. घरात आणायची सोय नव्हती, मळ्यातच दगडांवर शिजवायचं. आईला कधी कळू दिलं नाही म्हणे. मी या वयात पहिल्यांदा ऐकलं हे. तुला माहीत होतं का? तुझे अण्णा असतील त्यात, मला शंभर टक्के वाटतं.

शेवटी फॉइल काढून वरून सॉस लावला आणि ब्रॉइलरखाली, म्हणजे ओव्हनच्या वरच्या जाळाखाली, धरल्या. तिथं साखर बघता बघता जळते, दार उघडं ठेवून उभं राहावं लागतं. चिमट्यानं फळी उचलली की मधोमध वाकून वरून तडकली पाहिजे. मांस हाडावरून आपोआप गळालं तर इथले स्पर्धेतले परीक्षक त्याला जास्त शिजलं म्हणतात. आप्पांना मात्र गळालेलंच हवं होतं, दातांमुळं. त्यांच्या अर्ध्या फळीला अर्धा तास जास्त दिला.

खाल्लं. हाडं चोखून बाजूला ओळीनं मांडली, तशीच, ताटाच्या कडेला. मग हात धुताना माझ्याकडं वळून म्हणाले, "तुझ्या आईला कळू देऊ नको हां."

आता सांग.

मी हसलो, कारण वाटलं चेष्टा आहे. ते हसले नाहीत. त्यांचा चेहरा तुला माहीत आहे. दहावीच्या निकालाला "दिलीप, गणितात गेलास" म्हणून तोंडाची एक सुरकुती न हलवता सांगितलं होतं, आणि तू दिवसभर पंचगंगेच्या घाटावर बसला होतास. त्या माणसाची चेष्टा कशी ओळखायची? रोहन म्हणतो, जोक होता बाबा. वृषाली म्हणते डॉक्टरांना दाखवू. तिचंही खरं आहे. मागच्या महिन्यात त्यांनी रोहनला संजा म्हणून हाक मारली, पण ते मला वसंता म्हणून हाक मारायचे तेव्हाही त्यांना काही झालं नव्हतं. परवा विचारलं, "नळाला पाणी आलं का?" झोपेतून उठून. पण शिकारीतल्या चौघांची नावं, गावं, कुणाचं लग्न कुठं झालं, सगळं सलग सांगितलं. विसरणारा माणूस असं सांगेल? की असाच सांगतो, जुनं सगळं पक्कं आणि परवाचं गायब? मी रात्रभर हेच घोळवतोय. विचारायचं कसं? "आप्पा, आई गेली हे लक्षात आहे ना?" असं विचारू?

आणि आज सकाळी नवीन. "मला कोल्हापूरला पाठव. घर बंद ठेवू नये." एकटे. मी म्हटलं उन्हाळ्यात बघू, तर म्हणाले, "उन्हाळा कुणी बघितलाय." चेष्टा असेल तर त्यांना पाठवायला हवं, घर त्यांचं आहे, मी कोण अडवणार. आणि चेष्टा नसेल तर गॅस कोण बंद करणार रात्री? वसंता पुण्याहून येणार नाही हे तुलाही माहीत आहे. त्याला घर विकायचंय. तुला "जरा लक्ष ठेव" म्हणायला मला तोंड नाही, तुझ्याकडं वहिनींचा गुडघा आहे, दुकान आहे. त्या जीएसटीच्या नोटिशीचं मिटलं का? चिन्मयी बंगळूरलाच ना? जावई बरा आहे ना? फोटो पाहिले सगळे, लाइक केलं नाही इतकंच.

एक कर. त्यांना व्हिडिओ कॉल कर, माझं पत्र आलंय हे न सांगता. शिकारीचा विषय काढ, अण्णांचं नाव घे. मग सहज आईचा विषय काढ, आणि त्यांचा चेहरा बघ. तुला कळेल. मला त्यांच्या चेहऱ्यातलं कधीच कळलं नाही, तुला कळायचं, म्हणून तर दुसऱ्या वर्षापासून तू घाटावर गेला नाहीस. आणि जे वाटेल ते मला सरळ सांग, गोड करून नको.

आमच्या रात्री नऊ म्हणजे तुमची सकाळ असते, तेव्हा ते जागे असतात. पण दुकान उघडायच्या आधी कर, नाहीतर मध्येच गिऱ्हाईक आलं की तू फोन ठेवतोस.

तुझा,
संज्या