‘दुसरं कधी?’ हे विचारण्याआधी

महोदय,

यंदा गणेशचवथीला मूळ घरी सगळे जमलो होतो. गणपतीवर टांगलेल्या फळांच्या माटोळीखाली साडेतीन वर्षांच्या नातीला घेऊन बसलेल्या माझ्या सुनेला दिवसभरात चौघींनी विचारलं, ‘दुसरं कधी?’ त्या चौघींत मीही होते. तिचा चेहरा पाहिला आणि रात्री झोप आली नाही, म्हणून हे पत्र.

माझ्या आजीची नऊ बाळंतपणं, सगळी घरीच, वैजिणीच्या हाती. त्यातली पाच मुलं जगली. तिला किती हवी होती, हे कुणी विचारलंच नाही. कुळागरात सुपारी वेचायला लहान हातही लागत. शिवाय पोर्तुगीज अमदानीतल्या 1880 च्या हुकुमानुसार, बायकोला पंचविशीपर्यंत मूल झालं नाही तर हिंदू पुरुषाला दुसरी करता येत असे. तिशीपर्यंत मुलगा झाला नाही तरीही, काही अटींवर. असा धाक डोक्यावर असताना आवडनिवड कसली?

आम्ही पाच भावंडं. गोवामुक्तीनंतर पहिले मुख्यमंत्री भाऊसाहेब बांदोडकरांच्या काळात गावात मराठी शाळा आली, पाचही जण शिकलो. मी 1976 साली शिक्षिका झाले. तेव्हा भिंतीभिंतीवर कुटुंबनियोजनाचा लाल त्रिकोण होता. मी दोन मुलांवर थांबले, तर सासूबाई म्हणाल्या, ‘एक दगावलं तर?’ मला फार राग आला होता. त्यांची दोन मुलं तापात गेली होती, हे मला पुष्कळ उशिरा कळलं. आणि माझी दोन वाढवली कुणी? त्यांनीच. मी शाळेत जायचे, पेज त्या भरवायच्या.

सुनेच्या घरी तसं कोणी नाही. ती वेर्ण्याला औषधांच्या कारखान्यात, मुलगा वास्कोला, बिऱ्हाड मडगावात, आणि मी इथे वाळपईला. पाळणाघर सहाला बंद होतं, तिची शिफ्ट कधी कधी आठला सुटते.

2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत गोव्याचा जननदर बाईमागे 1.3 निघाला, पिढी टिकायला साधारण 2.1 लागतो. हा आकडा घेऊन पुष्कळ जण ‘गोंयकार उरणार नाहीत’ म्हणतात आणि बोट दाखवतात तरुण मुलींकडे. मला हे अन्यायाचं वाटतं. मातृत्व लाभ कायद्यातल्या 2017 च्या दुरुस्तीनंतर पन्नास किंवा जास्त कामगार असलेल्या आस्थापनाला पाळणाघराची सोय करणं कायद्यानं बंधनकारक झालं. आपल्या औद्योगिक वसाहतींत ती किती ठिकाणी आहे, शिफ्ट सुटेपर्यंत उघडी असते का, हे सरकारनं तपासून जाहीर करावं. वाचकांपैकी जे कारखाने चालवतात, त्यांनी आपल्यापुरतं तरी पाहावं.

सुनेची मी माफी मागितली आहे. पुढच्या महिन्यापासून पंधरा दिवस मडगावला, पंधरा दिवस वाळपईला असं राहायचं ठरवलंय. संध्याकाळी नातीला पाळणाघरातून मी आणीन.

– एक निवृत्त प्राथमिक शिक्षिका, वाळपई, सत्तरी