जुन्या ईकोचे हेड उतरवण्याआधी

संपादक महोदय,

उन्हाळ्याच्या सुट्ट्या जवळ आल्या की जुन्या सात आसनी गाड्यांना गिऱ्हाईक वाढते. मग मे महिन्यात घाटात पुढची सीट उलटी करून थांबलेल्या मारुती ईको दिसू लागतात. या गाडीचे इंजिन पुढच्या सीटखाली आणि रेडिएटर थेट नाकाशी, त्यामुळे कूलंटचे (इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवाचे) पाइप लांबलचक आहेत. गाडी तापली की अनेक गॅरेजांत लगेच इंजिनच्या वरच्या भागाचे, म्हणजे हेडचे, निदान होते, ‘हेड गेलं, उतरवावं लागेल.’ नव्या मालकाने त्याआधी काही गोष्टी समोर उभे राहून तपासून घ्याव्यात.

इंजिन पूर्ण थंड असताना रेडिएटरचे झाकण उघडा. आत तांबूस, गढूळ पाणी दिसले तर आधीच्या मालकाने कूलंटऐवजी बोअरचे पाणी भरले आहे, असे समजा. त्यातले क्षार रेडिएटरच्या बारीक नळ्यांत साचतात. शिवाय साधे पाणी महाबळेश्वरच्या उंचीवर 95 अंशांच्या आसपासच उकळते. कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मे-निम्मे घातले आणि झाकणाने दाब धरला, तर मिश्रण 120 अंशांच्या पुढेही टिकते. म्हणून झाकणाचे रबर कडक झाले असेल किंवा स्प्रिंग ढिली पडली असेल, तर आधी झाकण बदला. सगळ्यात स्वस्त भाग हाच आणि नेमका हाच कोणी बघत नाही.

यानंतर एसी लावून रेडिएटरचा पंखा फिरतो का ते पाहा. फिरत नसेल तर फ्यूज, रिले, कनेक्टर आणि शेवटी मोटर, असे क्रमाने बघावे.

थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन तापल्यावर कूलंटला रेडिएटरकडे वाट देणारी झडप, जागेवर आहे का, हेही विचारा. ‘आपल्याकडे त्याची गरज नाही’ म्हणून तो काढून टाकण्याची आपल्याकडे वाईट खोड आहे. तो नसला की इंजिन वेळेत तापत नाही, ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर) जास्त पेट्रोल सोडत राहतो आणि ॲव्हरेज पडते. रेडिएटर चोंदल्याचे दुखणेही झाकून राहते. ते पहिल्या मोठ्या चढावर उघडे पडते. थर्मोस्टॅट असेल तर पाण्याच्या पातेल्यात धरून तापवा. अंगावर कोरलेल्या तापमानाच्या आसपास तो उघडू लागला पाहिजे.

कूलंट भरताना गाडीचे नाक चढावर ठेवा, हीटरचा नॉब गरमवर न्या आणि थंड इंजिन झाकण उघडे ठेवूनच सुरू करा. बुडबुडे थांबेपर्यंत हळूहळू भरत राहा. लांब पाइपांत हवा अडकली की सगळे नवे भाग टाकूनही तापमानाचा काटा वर जातो. इंजिन गरम असताना रेडिएटरचे झाकण मात्र कधीही उघडू नये.

हेड गॅस्केट (हेड आणि इंजिन ब्लॉकमधले सील) खरोखर उडाले असेल तर खुणा स्पष्ट असतात. थंड इंजिन सुरू करताच रेडिएटरचा वरचा होज (रबरी पाइप) मिनिटाभरात दगडासारखा होतो, रेडिएटरमध्ये बुडबुडे थांबतच नाहीत, ऑइल मोजायच्या डिपस्टिकवर दुधी ऑइल येते. फक्त ऑइलच्या झाकणाखाली थोडा दुधी थर असेल तर तो छोट्या फेऱ्यांत साचलेल्या बाष्पाचाही असू शकतो. खात्रीसाठी रेडिएटरच्या झाकणाच्या जागी निळ्या द्रवाची टेस्ट किट लावतात. एक्झॉस्टचा वायू कूलंटमध्ये येत असेल तर द्रव पिवळा पडतो. कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब) मोजल्यास सिलिंडरांतला फरक एक बारपेक्षा जास्त नसावा. हे करूनही हेड उतरवायचे ठरले, तर पट्टी लावून वाकले आहे का ते पाहावे आणि फेसिंगशिवाय (पृष्ठभाग मशीनवर सपाट केल्याशिवाय) परत बसवू देऊ नये.

तापण्याशिवाय आणखी दोन गोष्टी. सीएनजीची गाडी असेल तर सिलिंडरची हायड्रो टेस्ट (पाण्याच्या दाबाची चाचणी) तीन वर्षांच्या आतली हवी आणि आरसीवर सीएनजीची नोंद हवी. गॅसवरच चालते म्हणून पेट्रोलची टाकी कोरडी ठेवणाऱ्यांचा पंप जळतो, कारण तो टाकीतल्या पेट्रोलनेच थंड राहतो. पाच-सात लिटर कायम ठेवावे.

क्लच सोडताना मागून ‘टक’ आवाज आला तर प्रोपेलर शाफ्टचा, म्हणजे इंजिनची ताकद मागच्या चाकांकडे नेणाऱ्या दांड्याचा, क्रॉस (सांधा) झिजला असावा. शाफ्ट काढण्याआधी दोन्ही फ्लँजवर (जोडाच्या चकत्यांवर) खूण करून घ्यावी. उलटसुलट बसला तर क्रॉस नवा असूनही गाडी थरथरते आणि मग टायर बॅलन्सिंगवर उगाच पैसे जातात.

– एक गॅरेजचालक, सातारा