नाव मागाहून, आधी पाहू द्या

महोदय,

दिवाळीनंतर शाळांच्या सहली वेरूळला निघतील. लांबलचक रांग, शिट्टी, सोळाव्या लेण्यात, म्हणजे कैलास मंदिरात, धावती फेरी आणि परतल्यावर निबंध : एकसंध खडक, वरून खाली कोरलेलं, राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण, 8वं शतक. माहिती खरी आहे, पण ती घरबसल्याही लिहिता येते.

त्यापेक्षा या मंदिरातला एकच शिल्पपट घ्यावा, रावणानुग्रहाचा, म्हणजे रावण कैलास पर्वत हलवतो त्या प्रसंगाचा. दहा-बारा मुलं, एक शिक्षक, वीस मिनिटं. पहिली तीन मिनिटं कुणी बोलायचं नाही, शिक्षकांनी तर नाहीच. मग ‘हे कोण?’ असं न विचारता ‘इथं काय चाललंय?’ असं विचारावं. ‘कोण’ म्हटलं की पाठ केलेलं नाव येतं आणि बघणं संपतं. ‘काय चाललंय’ म्हटलं की पुन्हा दगडाकडे वळावंच लागतं. कुणी भूकंप म्हणेल, कुणी रावणाला गाडीखालचा जॅक म्हणेल. म्हणू द्या. पर्वत खरंच हलतोय : पार्वती शंकराला बिलगलीय, दासी पळत सुटलीय, शंकर मात्र निवांत, नुसता पाय दाबून. एकाला दासी करून पळण्याच्या पवित्र्यात अर्धा मिनिट थांबवावं. तोल गेला की शिल्पकाराची करामत पायांना कळते. कथा सांगायची ती यानंतर.

रावणाचे वीस हात पाहून मुलं हसतात. काहींना एकच हात भराभर फिरताना दिसतो. हा अवमान नव्हे, दटावू नये. मूर्तीतली गती त्यांनी टिपलेली असते.

चित्राला पूर्ण मूर्ती देऊ नये. मुलं चेहऱ्यावर अडकतात, खोडत बसतात आणि वेळ संपतो. एक हात, एक आयुध किंवा एखाद्या गणाचं पोट पुरे. टू-बी पेन्सिल, पुठ्ठा, चिमटा. खोडरबर बसमध्येच राहू द्यावा. कागद दगडावर ठेवून छाप घेऊ देऊ नये, हातही लावू देऊ नये. घाम आणि तेलकटपणा दगडात मुरतो.

भग्न मूर्ती टाळण्याकडे कल असतो, तो उगाच. घारापुरीच्या नटराजाचे बरेच हात तुटले आहेत. ‘या हातात काय असेल?’ यासारखा प्रश्न नाही. मात्र मुलांनी आधी खांद्याचा रोख पाहावा, मगच हात काढावा. नाहीतर सगळ्यांच्या कागदावर त्रिशूळच येतो.

आणि तारीख ठरवताना एवढं पाहावं : वेरूळ मंगळवारी बंद असतं, घारापुरी सोमवारी.

– काही कलाशिक्षक, छत्रपती संभाजीनगर