तिसऱ्या नंबरची मॅच

आदरणीय सर,
सा. न. वि. वि.

गेल्या महिन्यात माझी पीएच.डी.ची तोंडी परीक्षा झाली. प्रबंधाच्या ऋणनिर्देशात तुम्ही आहातच, पण तिथल्या दीड ओळीत तुम्हाला बसवताना मलाच कसंसं झालं. म्हणून हे पत्र, चारचौघांत.

आमची बास्केटबॉलची प्रॅक्टिस साडेसहाला संपायची आणि लायब्ररी सहाला बंद व्हायची. दुसऱ्या दिवशी फिजिक्सचं प्रॅक्टिकल होतं. घामाने भिजलेला टी-शर्ट, खांद्यावर किट अशी मी धावत आले, तर तुम्ही नुकतंच कुलूप लावलं होतंत. "आधी हात धुऊन ये," एवढंच म्हणालात आणि कुलूप काढलंत. पुढे तीन वर्षं तो दिवा आठपर्यंत जळला. त्या दोन तासांचा एक पैसाही तुम्हाला मिळत नव्हता, हे मला फार उशिरा, शिपाईकाकांकडून कळलं.

अमेरिकन बास्केटबॉलपटू बिल ब्रॅडलीही मला तुमच्याच काउंटरवर, तुमच्या गोष्टीतून भेटला. घरी 'आता बॉल पुरे' सुरू झालं होतं. तुम्ही उपदेश केला नाहीत, एका मुलाची गोष्ट सांगितलीत. अमेरिकेच्या मिसुरी राज्यातलं क्रिस्टल सिटी हे लहानसं गाव. तिथे हा बुटांत शिशाची वजनं घालून उड्या मारायचा. ड्रिबल करताना बॉल दिसूच नये म्हणून चष्म्याच्या खालच्या कडेला पुठ्ठा चिकटवायचा. (मीही करून पाहिलं. नाक आठवडाभर सुजलेलं होतं.) कॉलेजं शिष्यवृत्त्या घेऊन मागे लागली असताना तो गेला प्रिन्स्टन विद्यापीठात, जिथे खेळासाठी शिष्यवृत्ती देतच नाहीत. १९६४ मध्ये टोकियोत ऑलिंपिक सुवर्ण जिंकलं आणि शेवटच्या वर्षी प्रबंध लिहिला तो पुढे राष्ट्राध्यक्ष झालेल्या ट्रुमन यांच्या १९४० च्या सेनेट निवडणुकीवर.

पण मला आभार मानायचे आहेत ते एका फोनचे.

आंतरविद्यापीठ स्पर्धेत सेमीफायनल आम्ही चार पॉइंटांनी हरलो. माझे दोन फ्री थ्रो हुकले होते. दुसऱ्या दिवशी तिसऱ्या नंबरची मॅच आणि सोमवारी पेपर. 'ही मॅच कोण बघतं?' असं म्हणत मी रात्रीची गाडी पकडायच्या तयारीत होते. तुम्हाला फोन केला तो फक्त एक पुस्तक राखून ठेवा म्हणून. तुम्ही म्हणालात, "ठेवतो. पण पोर्टलंडचं सांगितलंय का तुला?"

मार्च १९६५, अमेरिकेतलं पोर्टलंड, कॉलेजांची राष्ट्रीय स्पर्धा. ब्रॅडलीचं प्रिन्स्टन सेमीफायनलमध्ये मिशिगनकडून हरलेलं. त्याच मिशिगनविरुद्ध डिसेंबरात ब्रॅडलीने ४१ पॉइंट केले होते, पण फाउलांची मर्यादा संपून तो बाहेर गेला आणि हातातली मॅच गेली होती. आता उरली होती विचिटा स्टेटशी तिसऱ्या नंबरची लढत. त्यात त्याने २९ पैकी २२ बास्केट टाकले, १५ पैकी १४ फ्री थ्रो. एकट्याचे ५८. प्रिन्स्टन ११८, विचिटा ८२. स्पर्धेतला सर्वोत्तम खेळाडूही तोच ठरला, विजेत्या संघातला नसूनही.

आकडे सांगून झाल्यावर तुम्ही फोन ठेवून दिलात. मी थांबले. आम्ही तीही मॅच हरलो, सर. माझे ११ झाले, पण फ्री थ्रो एकही चुकला नाही.

ब्रॅडली ऱ्होड्स शिष्यवृत्तीवर ऑक्सफर्डला गेला. न्यूयॉर्क निक्स या व्यावसायिक संघाला त्याची दोन वर्षं वाट बघावी लागली. मग १९७० आणि १९७३ ची विजेतेपदं, आणि पुढे न्यू जर्सीतून अठरा वर्षं सेनेटर. त्याच धुंदीत मी खेळाडू कोट्यातल्या नोकरीचा फॉर्म न भरता एम.एस्सी.ला गेले. नोकरी काही निक्ससारखी थांबली नाही. आई तो विषय अजून काढते, आणि काही महिने तिचंच खरं आहे असं मलाही वाटत होतं.

प्रबंधाची एक प्रत तुमच्यासाठी बांधून घेतली आहे. दिवाळीत गावी येतेय, तेव्हा घरी आणून देते. साडेसहानंतरच येईन.

तुमची,
सात नंबरची जर्सी